उकळलेलं औषध

"थांब गं जरा. ती इंग्लिश मीडियम आत्ताच जाऊन आलीय. वास जाऊ दे, मग जा."

सावंतकाकू हे हळू बोलल्या नव्हत्या. मी चार पावलांवर नळाखाली हात धूत होते. घाटकोपरच्या भटवाडीतल्या आमच्या चाळीत चार पावलं म्हणजे अंतरच नाही. संडासाच्या रांगेतल्या दोघीतिघी हसल्या. कुणीतरी म्हणालं, "खाते काय ही? ब्रेड-बटर?" पुन्हा हसणं. मी नळ बंद केला, डबा उचलला आणि खाली बघत घरात शिरले.

लोक आपल्या आजारपणाची सुरुवात सभ्य गोष्टींनी सांगतात. ताप आला, चक्कर आली, अशक्तपणा वाटू लागला. माझं आजारपण आधी संडासाच्या रांगेला कळलं आणि मग घराला. जेवल्यावर पोटात कळ यायची, पाठीपर्यंत जायची, तिचं मी कुणाला फारसं सांगितलं नव्हतं. पण मी जे मागे ठेवून यायची ते तेलकट असायचं, पाण्यावर तरंगायचं आणि दोन डबे ओतले तरी जायचं नाही. हे लिहिताना आजही हात अडखळतो. तरी लिहिते, कारण कुठेतरी एखादी मुलगी आत्ता हेच लपवत असेल. मी दीड वर्ष लपवलं. तोवर माझे कपडे माझ्या अंगावर दुसऱ्याचे वाटायला लागले होते.

तेव्हा मी वीस वर्षांची होते. चौऱ्याऐंशी साल होतं. बाबा मुलुंडच्या एका कारखान्यात फिटर होते. चाळीतल्या सगळ्या मुलांना पालिकेच्या शाळेत जाताना बघून त्यांनी मला हट्टाने कॉन्व्हेंटमध्ये घातलं होतं. त्यामुळे चाळीत मला नाव नव्हतं. मी 'ती इंग्लिश मीडियम' होते.

*

शेवटी डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी तपासणीसाठी तीन दिवसांचं सगळं गोळा करून आणायला सांगितलं. सगळं म्हणजे सगळं. आईने वनस्पती तुपाचा रिकामा डबा घासून दिला. तुपाचाच डबा मिळावा, यात कुणाचा विनोद होता कोण जाणे. तीन दिवस तो मोरीत झाकून ठेवला होता. चौथ्या दिवशी बाबांनी तो वर्तमानपत्रात गुंडाळून कापडी पिशवीत घातला आणि हातात धरून निघाले. जिन्यात कुणीतरी विचारलं, "काय दादा, गावाक काय पाठवतास?" बाबा "व्हय" म्हणाले.

निदानाचा दिवस मला दवाखान्यातल्या बाकड्यामुळे आठवतो. एक पाय आखूड असलेलं बाकडं होतं. आई हलली की मी हलायचे.

डॉक्टर बाबांशी अर्धं इंग्रजीत बोलले. पॅन्क्रियास, एन्झाइम्स, डेफिशियन्सी. बाबांनी माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं ते या एका क्षणासाठी थांबले असावेत असं ते बघणं होतं. "सांग ना आईला, काय म्हणतायत डॉक्टर?"

बारावीला मी सायन्स घेतलं होतं. त्या धड्याचं पान मला डोळ्यांसमोर दिसत होतं. कुलूप आणि किल्लीची आकृती मी हिरव्या पेन्सिलने रंगवली होती. प्रत्येक एन्झाइमचं एकच काम, प्रत्येकाचं एकच कुलूप: पिठूळ पदार्थ फोडणारं वेगळं, स्निग्ध फोडणारं वेगळं, मांसमच्छी फोडणारं वेगळं. ते स्वतः खर्च होत नाही, दुसऱ्याचे तुकडे करतं आणि पुन्हा मोकळं होतं. हे सगळं मला येत होतं. पण मराठीत त्यातला एकही शब्द सुचेना. एन्झाइमसाठी 'विकर' हा मराठी शब्द मला पुष्कळ उशिरा भेटला, आणि तो आईला कळला असता असंही नाही.

शेवटी डॉक्टरच आईकडे वळले. "अन्न फोडणारा रस हिच्या पोटात तयार होत नाही. म्हणून खाल्लेलं तसंच बाहेर पडतं. तो रस आपण बाहेरून द्यायचा. या कॅप्सूल फोडायच्या आणि पावडर जेवणात मिसळून द्यायची. दर जेवणात."

"किती दिवस?" आईने विचारलं.

"आयुष्यभर."

आई हलली. मी हलले.

*

आमच्या खोलीचं दार सकाळी उघडायचं ते झोपायच्या वेळी बंद व्हायचं. जाता-येता कुणीही डोकवायचं. काय शिजलंय, कोण जेवतंय, सगळं सगळ्यांना माहीत. दर जेवणाला ताटाशेजारी औषधाची बाटली दिसली असती तर आठवड्यात कोकणातल्या आमच्या गावापर्यंत बातमी गेली असती, आणि लग्नाच्या मुलीच्या बाबतीत अशी बातमी परत येत नाही. सावंतकाकूंनी एकदा तोंडावरच विचारलं, तर आई म्हणाली, "काय नाय गो, फिगर सांभाळता ती. कॉलेजातली फॅशन." हे बोलताना ती हसली होती. ते हसू मी विसरलेले नाही.

तर आईने तिच्या पद्धतीने मार्ग काढला. औषध ती पेजेत घालू लागली. डॉक्टरांनीच सांगितलं होतं ना, जेवणात मिसळून. पेज स्टोव्हवर रटरटायला लागली की ती दाराकडे पाठ करून बसायची, दोन कॅप्सूल उघडून पिवळसर पावडर आत सोडायची आणि पळीने ढवळायची. मग झाकण ठेवून चांगली उकळी येऊ द्यायची.

आमच्या घरात औषध म्हणजे उकळायची गोष्ट. खोकल्याला अडुळसा उकळायचा, तापाला गवती चहा आणि आलं, पोटाला ओवा. गावाहून येणाऱ्या सगळ्या मुळ्या आणि साली आधी पातेल्यात जायच्या. जितकं आटवाल तितका गुण जास्त. मी एकदा म्हटलं, "आई, वरून घातलं तर?" तर ती म्हणाली, "कच्चा औषध पोटाक बाधता गो बाय. गप खा."

मी गप खाल्लं.

आता जे लिहिणार आहे त्यासाठी हा सगळा खटाटोप. दुसऱ्या किंवा तिसऱ्याच दिवशी, त्या झाकणाखालून वाफ येत असताना, बारावीच्या वहीतली एक ओळ माझ्या डोक्यात आली होती. एन्झाइम्स आर डिस्ट्रॉइड बाय हीट. अंड्यातला पांढरा भाग एकदा शिजला की पुन्हा पातळ होत नाही, तसं. त्यावर मी परीक्षेत उत्तर लिहिलं होतं आणि मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते.

ती ओळ आली आणि मी ती बाजूला सारली.

का, हे मला अनेकांनी विचारलं. खरं कारण फार लहान आहे. मी सातवीत असताना आई शाळेत पालकसभेला आली होती. टीचरशी ती धीर करून दोन शब्द इंग्रजीत बोलली आणि मी तिथल्या तिथे, मैत्रिणींसमोर, तिला दुरुस्त केलं. ती पुन्हा कधी माझ्या शाळेत आली नाही. तेव्हापासून मी आईची चूक काढणं सोडलं होतं. त्यात प्रेम किती होतं आणि भित्रेपणा किती, हे मला अजून वेगळं करता येत नाही.

*

चार महिन्यांत माझं वजन एकतीस किलो झालं आणि मला पालिकेच्या इस्पितळात दाखल केलं.

तिथलं वेळापत्रक असं: पहाटे आया बादल्या आपटत फिरायच्या, मग थर्मामीटर, मग चहा म्हणजे कोमट साखरपाणी. नऊनंतर मोठ्या डॉक्टरांची फेरी, मागे विद्यार्थ्यांचा घोळका. फेरीआधी चादरी ताणून घ्यायच्या आणि नातेवाइकांना बाहेर काढायचं. आई मात्र राहायची. ती सिस्टरना घरचा नारळ देत असे. रोज घाटकोपरहून ती डबा घेऊन यायची. त्यात पेज, आणि पेजेत औषध, घरूनच उकळून आणलेलं. सिस्टर विचारायची, "औषध दिलं?" आई म्हणायची, "दिलंय, जेवणात मिसळून." सिस्टर कागदावर खूण करायची. तिने चुकीचं काहीच विचारलं नाही आणि आईने खोटं काहीच सांगितलं नाही.

त्या पेजेला वास यायचा, शिळ्या मटणाच्या पाण्यासारखा. एका सकाळी माझ्याने घोट गिळवेना. आई बाटलीत पाणी आणायला गेली तेव्हा मी अर्धी पेज बेसिनमध्ये ओतली. आयाने बघितलं.

संध्याकाळपर्यंत सगळ्या वॉर्डाला माहीत झालं की सतरा नंबर औषध फेकते. मोठे डॉक्टर मला इंग्रजीत म्हणाले, "शिकलेली मुलगी आहेस तू." बस, एवढंच. बाबा तेवढ्यावर थांबले नाहीत. "मरायचंय का तुला? तर मग तसं सांग," ते म्हणाले. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. "आई चार वाजता उठते तुझ्यासाठी. चार वाजता! आणि तू बेसिनात ओततेस?"

आई पदर तोंडाला लावून उभी होती. "असू दे ओ," ती बाबांना म्हणाली. "वास येता तिका. माका पण येता."

मी तेव्हाही बोलले नाही.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी सांगितलं की औषध घेऊनही फरक नाही, किंवा ही घेत नाही, पण आता थांबता येणार नाही. आत आणखी काही असू शकतं. गुरुवारी पोट उघडून बघू. इतक्या अशक्त पेशंटला धोका आहे, तसं लिहून द्यावं लागेल. बाबांनी सही केली. त्यांची सही नेहमी ठसठशीत असायची. त्या दिवशी ती कागदाच्या कोपऱ्यात गेली होती.

*

शेजारच्या खाटेवरची बाई म्हणजे आग्नेसमावशी. खाडीपलीकडच्या मनोरीची, पित्ताशयातल्या खड्यांसाठी आलेली, जाड, मोठ्या आवाजाची, भरपूर नातवंडांची. तिला तेल-तूप बंद होतं म्हणून ती दिवसभर जेवणाविषयीच बोलायची. बाकीच्या बायका वैतागायच्या. मला तिचं बोलणं आवडायचं, कारण त्यात माझ्याकडून उत्तराची अपेक्षा नसे.

सोमवारी दुपारी ती लग्नघरातल्या मटणावर आली. म्हातारा बोकड असला की मांस किती चिवट, आणि मग त्याला कच्ची पपई सालासकट वाटून कशी लावायची.

"दोन तास ठेवाची, जास्ती नाय. जास्ती ठेवली तर मटनाचा चिखल होते. खाऊनच टाकते ती पपई मटनाला." ती हसली. "माझी सून शहाणी. पहिल्यांदा काय केलं तिनं? मटन चुलीवर चढवलं, उकळी फुटल्यावर वरून पपई घातली. मंग काय? चामडं! तिला सांगितलं, अगो बाय, पपई काम करते ती थंडपणी. उकळल्यावर ती मेली. मेलेला मानूस काम करल काय?"

बाकीच्या हसल्या. मी हसले नाही. चार महिने मी बाजूला सारून ठेवलेली ओळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली होती, आणि या वेळी ती इंग्रजीत नव्हती.

संध्याकाळी बाबा आले तेव्हा मी त्यांना औषधाची बाटली इथे आणून ठेवायला सांगितली.

"आता घेणार आहेस?"

"हो."

त्यांनी विश्वास ठेवला नाही, पण मंगळवारी कामावर जाण्याआधी बाटली ठेवून गेले.

त्या दिवशी आईने डबा उघडला आणि ती माझे कपडे धुवायला गेली. मी पेज दोन पेल्यांत सारखी ओतली. दोन्हींत औषध होतं, पण ते घरी उकळलेलं. पेज निवून कोमट झाली होती आणि नेहमीसारखीच घट्ट होती, चमचा उभा राहील अशी. एका पेल्यात मी नवी कॅप्सूल उघडून पावडर टाकली आणि ढवळली. दुसरा पेला तसाच ठेवला. आग्नेसमावशी कुशीवर वळून बघत होती.

"काय करतेस गो?"

"बघते."

फार वेळ लागला नाही. ढवळता ढवळताच चमचा हलका लागायला लागला. मग पेज सैल झाली. थोड्या वेळाने पेला तिरका केला तर ती पाण्यासारखी वाहत गेली. न चावता, न गिळता, माझ्या डोळ्यांसमोर कुणीतरी ती पचवली होती. माझ्या पोटात जे कोणी नव्हतं, ते त्या पेल्यात होतं. दुसरा पेला घट्टच राहिला. त्यावर साय धरली.

आग्नेसमावशीने दोन्ही पेले पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. तिला आईचा डबा माहीत होता. "तुझ्या आईला ठाव नाय ना?" तिने विचारलं. मी मान हलवली. "आनी तुला?"

मी पातळ झालेली पेज प्यायले. घट्ट पेला आई यायच्या आत धुवून ठेवला.

*

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, कारण शेवटी मला ते सांगायचं नाही.

ऑपरेशन रद्द झालं. तीन आठवड्यांत तरंगणं थांबलं. वजन हळूहळू आलं. पोटातली कळ पूर्ण गेली नाही, ती सोबत आहे. कॅप्सूल मी दर जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घेते, लग्नाच्या पंगतीत, हॉटेलात, कुठेही. ज्यांना हे औषध सांगितलं असेल त्यांना माझं सांगणं इतकंच की ते गरम अन्नात घालू नका, आणि डॉक्टरांनी 'मिसळून' म्हटलं तर 'कशात, किती गरम' असं विचारा. विचारायची लाज वाटली तरी विचारा.

बाकीचं कडू आहे. नातेवाइकांत गोष्ट पसरली. मामा घरी येऊन म्हणाला, "आपल्याच पोरीक उपाशी मारीत होतीस." पेज आई अजून करते, बाबांसाठी. माझ्यासाठी त्या दिवसानंतर तिने कधी केली नाही. कॅप्सूल ती ताटात मिठाशेजारी ठेवते आणि दुसरीकडे बघते. सावंतकाकू आता दारात उभ्या राहून विचारतात, "घेतलीस का गं गोळी?" आधीचं हसणं बरं होतं, असं मला कधी कधी वाटतं. आग्नेसमावशीने मनोरीला बोलावलं होतं. होडीने पलीकडे उतरलीस की कुणालाही विचार, म्हणाली होती. मी गेले नाही. तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर तोवर सगळ्यांना माहीत झालं होतं, तरी तिच्यासमोर बसायचा मला धीर झाला नाही.

*

बुधवारची फेरी. ऑपरेशनचा आदला दिवस.

आई खाटेच्या पायथ्याशी डबा धरून उभी होती. डब्याला फडकं गुंडाळलेलं, पेज गरम राहावी म्हणून. मोठे डॉक्टर आले, मागे विद्यार्थी. त्यांनी कागद बघितला आणि विद्यार्थ्यांना इंग्रजीत सांगितलं की पेशंट औषध घेण्याचं नाटक करते आणि घरच्यांना फसवते. आईला कळलं नाही. डॉक्टर आपल्या मुलीविषयी बोलतायत एवढं कळून ती त्यांच्याकडे बघून हसली, चाळीत हसली होती तशी.

मला इंग्रजीत सांगता आलं असतं. पाच-सहा वाक्यं, स्वच्छ, व्याकरणशुद्ध. ऑपरेशन टळलं असतं आणि आईला आयुष्यभर कळलं नसतं की काय झालं. डॉक्टरांना मी हळूच विनवलं असतं, तिला सांगू नका. रात्रभर मी ती वाक्यं जुळवली होती. ती तोंडात तयार होती.

मग मला दिसलं की अशाने सगळा दोष तिच्या पाठीमागे तिच्यावर टाकून मी सुटणार. माझ्या वाट्याचं त्या इंग्रजीत कुठेच नव्हतं. आणि उद्या घरी गेल्यावर ती दाराकडे पाठ करून पुन्हा पेज चढवणार, आणि मी पुन्हा बघत बसणार.

डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले होते. मी "डॉक्टर" म्हटलं. माझा आवाज वॉर्डात कुणी फारसा ऐकलेला नव्हता. विद्यार्थी थांबले. आग्नेसमावशीने जपमाळ खाली ठेवली. आईने डबा छातीशी धरला.

मी आईकडे बघत, मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आई औषध रोज द्यायची, पण पेजेत उकळून. उकळल्यावर ते मरतं. तिला माहीत नव्हतं. मला पहिल्यापासून माहीत होतं."